हॅम रेडिओ सुरू करताना: सेट सगळ्यात शेवटी

"हॅम व्हायचंय, कुठला सेट घेऊ?" असं विचारणाऱ्याला माझं उत्तर ठरलेलं आहे: इतक्यात कुठलाच नको. आधी ऐका, मग परीक्षा द्या, मग गच्चीवर अँटेनाला जागा शोधा, आणि त्यानंतर खिशात जे उरेल त्यातून सेट घ्या. बहुतेकजण नेमकं उलट करतात. ऑनलाइन स्वस्तातला हँडी, म्हणजे हातात धरायचा छोटा सेट, मागवतात, तो चार दिवस खरखरतो, पलीकडून कोणी बोलत नाही, आणि मग तो कपाटात जाऊन पडतो. शिवाय परवाना नसताना तो जवळ बाळगणं हाच नियमभंग असतो, हे त्यांना फार उशिरा कळतं.

थोडक्यात ओळख करून घेऊ. जगभर रेडिओ लहरींचे काही पट्टे हौशी लोकांसाठी राखून ठेवलेले आहेत. परीक्षा देऊन परवाना घ्यायचा, स्वतःचं कॉल साइन, म्हणजे हवेतली ओळख, मिळवायचं आणि त्या पट्ट्यांवर जगातल्या दुसऱ्या परवानाधारकाशी बोलायचं, हा झाला हॅम रेडिओ. धंद्याचं बोलणं, राजकारण, गाणी लावणं आणि सांकेतिक भाषा यांना मनाई. भारतातली हौशी कॉल साइन्स सहसा व्हीयू या अक्षरांनी सुरू होतात. राजीव गांधींचं कॉल साइन व्हीयू२आरजी होतं.

परवाना नको असेल तर

काहींना हॅम व्हायचंच नसतं. ट्रेकला पुढचा आणि मागचा गट एकमेकांच्या संपर्कात राहावा, एवढंच हवं असतं. त्यांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवर चालणारे कमी शक्तीचे हँडसेट बघावेत. २०१८ च्या नियमांनी या पट्ट्याला परवान्यातून सूट दिली आहे. मात्र सूट पट्ट्याला आहे, बाजारात मिळणाऱ्या प्रत्येक वॉकीटॉकीला नाही. त्या मॉडेलला सरकारी मान्यता, म्हणजे ईटीए, असायला हवी. सेट नेमक्या कुठल्या फ्रीक्वेन्सीवर चालतो हे न सांगता ऑनलाइन विक्री इतकी वाढली, की २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं विक्री मंचांना नोटिसा धाडल्या. खोक्यावर "रेंज १० किलोमीटर" लिहिलेलं असेल तर दुर्लक्ष करा. सह्याद्रीत मध्ये एक डोंगरसोंड आली की हाकेच्या अंतरावरचा माणूसही गायब होतो, आणि समोरासमोरच्या दोन सुळक्यांवरून तोच सेट खोक्यावरच्या आकड्यालाही मागे टाकू शकतो.

एवढ्यावर ज्याचं भागतं त्यानं इथेच थांबावं. पुढचं सगळं हॅम होणाऱ्यांसाठी.

आधी कान तयार करा

ऐकायला सेट लागत नाही. इंटरनेटवर वेबएसडीआर नावाची सोय आहे: दुसऱ्या कोणाच्या तरी अँटेनाला जोडलेला रिसीव्हर तुम्ही ब्राउझरमधून फिरवता. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठातला वेबएसडीआर सर्वांत प्रसिद्ध. तो उघडून १४.० ते १४.३५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात यूएसबी निवडा आणि कर्सर सावकाश सरकवा. इथलं यूएसबी म्हणजे अप्पर साइडबँड ही आवाज पाठवायची पद्धत, पेनड्राइव्हचं नव्हे. बदकासारखा आवाज येत असेल तर आणखी थोडं सरकवा. एका ठिकाणी अचानक माणसाचं बोलणं सुटं होतं. ते एकदा जमलं की अर्धा तास कसा गेला ते कळत नाही.

आपल्याकडची मंडळी ऐकायची तर भारतातला एखादा किवीएसडीआर, म्हणजे असाच ब्राउझरमधून चालणारा रिसीव्हर, शोधा आणि सकाळी ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झवर एलएसबी, म्हणजे लोअर साइडबँड, लावून बसा. या पट्ट्याला ४० मीटर म्हणतात. दिवसा तो काहीशे किलोमीटरपर्यंत पोचतो, म्हणून युरोपातल्या रिसीव्हरवर आपली सकाळची गप्पाष्टकं सापडणार नाहीत. ऐकताना वही घ्या. कोण कोणाला कसं हाक मारतंय, आपलं नाव सांगताना "हँडल" का म्हणतंय, गाव सांगताना "क्यूटीएच" का म्हणतंय, हे लिहीत जा. क्यूआरएम म्हणजे दुसऱ्या स्टेशनांची लुडबुड, क्यूआरएन म्हणजे आभाळातली खरखर, क्यूएसओ म्हणजे झालेलं संभाषण, ७३ म्हणजे शुभेच्छा. परीक्षेतला क्यू-कोडचा भाग असा ऐकून पाठ होतो. पुस्तक घेऊन घोकणारे मला कधी कळलेच नाहीत.

परीक्षा आणि परवाना

परीक्षेचं नाव एएसओसी. ती केंद्रीय दूरसंचार विभागाचा डब्ल्यूपीसी हा कक्ष घेतो आणि अर्ज सरल संचार या पोर्टलवर भरायचा असतो. वय किमान १२ वर्षं. सातवी-आठवीतली मुलं पास होतात, तेव्हा "माझं शिक्षण आर्ट्सचं" ही सबब चालणार नाही.

दोन श्रेणी आहेत. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स, म्हणजे तारयंत्राची कट्ट-कडकट्ट भाषा, नाही, फक्त लेखी: अर्धा भाग रेडिओची तत्त्वं, अर्धा नियम. प्रत्येक भागात ४० टक्के आणि एकूण ५० टक्के मिळाले की झालं. कॉल साइन व्हीयू३ नं सुरू होतं आणि एचएफवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या ७ किंवा १४ मेगाहर्ट्झसारख्या पट्ट्यांवर, ५० वॅटपर्यंत मुभा मिळते. जनरल श्रेणीला मिनिटाला ८ शब्द या वेगानं मोर्स पाठवणं आणि घेणं यावं लागतं. तिचं कॉल साइन व्हीयू२ नं सुरू होतं आणि मर्यादा ४०० वॅटपर्यंत जाते. माझं मत विचाराल तर आधी रिस्ट्रिक्टेड द्या. मोर्स अवघड नाही, पण रोज पंधरा मिनिटं द्यावी लागतात, आणि त्यापायी दोन-दोन वर्षं परीक्षाच न देणारे बरेच आहेत. व्हीयू३ म्हणून हवेत या, मोर्स मागाहून शिका. ५० वॅटमध्ये जग फिरता येतं.

अभ्यासाला दहावीचं विज्ञान पुरतं: ओहमचा नियम, कपॅसिटर-कॉइल, ट्रान्झिस्टर काय करतो, एएम-एफएममधला फरक, तरंगलांबी काढणं. नियमांचा भाग कंटाळवाणा वाटतो, पण गुण तिथेच सोपे मिळतात. हैदराबादची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ १९८३ पासून प्रशिक्षण देते. पुण्या-मुंबईत हॅम मंडळींचे गट आहेत, त्यांच्या परीक्षापूर्व वर्गांची चौकशी करा. जुन्या हॅमच्या घरी एक संध्याकाळ बसलात तर पुस्तकातली पन्नास पानं आपोआप उलगडतात.

पास झाल्यावर परवान्याचा अर्ज वेगळा करायचा असतो. शुल्क २० वर्षांसाठी १००० रुपये आणि आजन्म परवान्यासाठी २००० रुपये असं चालत आलं आहे. दूरसंचार कायदा, २०२३ नंतर जुने नियम एकेक करून बदलत आहेत, म्हणून पैसे भरण्याआधी पोर्टलवरचा ताजा आकडा बघा. अर्जाची छाननी होते आणि त्यात महिने जाऊ शकतात. तो वेळ अँटेनासाठी सत्कारणी लावा.

उंची म्हणजेच पल्ला

नवख्याला वाटतं, वॅट वाढवले की लांब जाईल. व्हीएचएफवर, म्हणजे आपल्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या २ मीटर पट्ट्यावर, लहर साधारण नजरेच्या रेषेत जाते. अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून त्याला ४.१ नं गुणा, किलोमीटरमध्ये रेडिओचं क्षितिज मिळतं. हँडी हातात धरून मैदानात उभे असाल तर ५ किलोमीटर. दहाव्या मजल्याच्या गच्चीवर, ३० मीटरवर, साडेबावीस. सिंहगडाचा माथा पुणे शहरापेक्षा सातशेहून जास्त मीटर उंच आहे, तिथून हिशेब शंभर किलोमीटरच्या पुढे जातो. दूरदर्शनचा मनोरा गडावर का आहे ते यावरून कळेल. समोरच्या स्टेशनचं क्षितिज यात मिळवलं की दोघांमधला पल्ला निघतो. वाटेत इमारती-डोंगर आले तर तो कमी होतो, हे सांगायला नको.

म्हणून सेटवर दहा हजार आणि अँटेनावर शून्य खर्च करणं वेडेपणा आहे. पहिली अँटेना घरी करा. तिला क्वार्टर वेव्ह ग्राउंड प्लेन म्हणतात आणि सामान लॅमिंग्टन रोडवर किंवा बुधवार पेठेच्या आसपास एका फेरीत मिळतं.

केबल जोडायचं एक एसओ-२३९ चासिस सॉकेट घ्या, चार कोपऱ्यांत भोकं असलेलं. तीन मिलीमीटर जाडीची पितळी वेल्डिंग सळी किंवा तांब्याची जाड तार घ्या. मधल्या पिनेला एक तुकडा उभा डाग द्या, तो ५१ सेंटीमीटर ठेवा. चार कोपऱ्यांना ५२ सेंटीमीटरचे चार तुकडे नट-बोल्टनं पक्के करा आणि ते खाली ४५ अंशांत वाकवा. सळ्या अशा झुकवल्यानं अँटेनाचा रोध ५० ओहमच्या जवळ येतो आणि केबलशी जुळतो. उभी सळी मुद्दाम लांब ठेवली आहे, कारण कापलेली परत जोडता येत नाही. १४५ मेगाहर्ट्झला तिची पुस्तकी लांबी ७१.५ भागिले १४५, म्हणजे साधारण ४९ सेंटीमीटर येते. आता नॅनोव्हीएनए हे छोटं मोजयंत्र किंवा एसडब्ल्यूआर मीटर लावा. एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेना केबलशी किती जुळते ते सांगणारा आकडा, १ च्या जितका जवळ तितका बरा. सर्वांत कमी एसडब्ल्यूआर १४५ च्या खाली कुठे तरी दिसेल. याचा अर्थ अँटेना लांब आहे. दोन-तीन मिलीमीटर कापा, पुन्हा मोजा. १.५ च्या आत आलं की थांबा, १.१ चा हव्यास धरू नका. मीटर लावून काही प्रसारित करायचं असेल तर परवानाधारक मित्राला बोलवा. नॅनोव्हीएनएला ती अडचण येत नाही, तो स्वतःचाच अगदी क्षीण सिग्नल वापरतो.

सळ्यांची टोकं वाकवून गोल करा, ती डोळ्यांच्या उंचीला येतात. अँटेना पीव्हीसी पाइपाच्या डोक्यावर बसवा आणि केबल पाइपाच्या आतून खाली आणा.

केबलीत नवखे लोक हमखास फसतात. आरजी-५८ ही बारीक केबल स्वस्त आणि वळवायला सोपी. पण १४५ मेगाहर्ट्झला २० मीटर लांबीत तिच्यात जवळपास ४ डेसिबल गळती होते: सेटमधून ५ वॅट निघाले तर अँटेनापर्यंत २ पोचतात. तेवढ्याच लांबीच्या आरजी-२१३ मधून तीनाच्या वर पोचतात. ऐकतानाही तेवढीच गळती असते, आणि ती सेटचे वॅट वाढवून भरून येत नाही. टीव्हीच्या डिशची केबल ७५ ओहमची असते. ऐकायला चालते, प्रसारणासाठी वापरू नका.

आता गच्ची. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी भेटा, अँटेना उभी झाल्यावर नको. परवान्याची किंवा निकालाची प्रत दाखवा, ही मोबाइल टॉवरची भानगड नाही आणि सोसायटीला भाडं मिळणार नाही, दोन्ही स्पष्ट सांगा. कोणाच्या स्पीकरमधून तुमचा आवाज आला तर दुरुस्तीची जबाबदारी घ्या. एक गोष्ट मात्र जिवाशी आहे: महावितरणच्या तारांपासून अँटेनाचा खांब त्याच्या पूर्ण लांबीपेक्षा जास्त दूर हवा, म्हणजे तो कोणत्याही बाजूला पडला तरी तारेला लागणार नाही. उभारताना एकट्यानं धाडस करू नका.

आता सेट

परवाना हातात आला. सुरुवातीला २ मीटर आणि ७० सेंटीमीटर, म्हणजे १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ, दोन्ही चालवणारा ५ वॅटचा हँडी पुरे. बाओफेंग यूव्ही-५आर सगळ्यांच्या हातात दिसतो. स्वस्त आहे, शिकायला बरा आहे, पण त्याचा रिसीव्हर शहरातल्या गोंगाटात गुदमरतो. शक्य असेल तर थोडे पैसे घालून नावाजलेल्या कंपनीचा जुना मोबाइल सेट, म्हणजे गाडीत बसवायचा रेडिओ, आणि १३.८ व्होल्टचा पॉवर सप्लाय घ्या. जुना सेट परवानाधारकाकडूनच घ्या, पावती आणि सिरियल नंबरासकट. परदेशातल्या भाच्याला "येताना एक सेट आण" असं परस्पर सांगू नका. वायरलेस सेटला आयातीची परवानगी लागते आणि विमानतळावर भाचा अडकतो.

हे सेट हॅम पट्ट्याबाहेरही उघडतात. उघडतो म्हणून बोलायचं नसतं. कोकण किनाऱ्यावरच्या होड्या ज्यावर संकटाची हाक देतात तो सागरी चॅनेल १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, तुमचं बोट चुकून तिथे बटणावर पडलं तर ते गमतीचं राहत नाही. सेट घेतल्या दिवशीच मेमरीत फक्त आपले चॅनेल भरा आणि बाकीचं लॉक करा.

पहिली हाक

शहरात बहुतेक बोलणं रिपीटरवरून होतं. उंच जागी बसवलेलं हे स्टेशन एका फ्रीक्वेन्सीवर ऐकतं आणि त्याच क्षणी दुसरीवर जोरात बोलतं. २ मीटरला या दोन्हींत सहसा ६०० किलोहर्ट्झचा फरक असतो. सेटमध्ये तीन गोष्टी भरायच्या: रिपीटरची बाहेर येणारी फ्रीक्वेन्सी, ऑफसेट म्हणजे हा फरक, आणि सीटीसीएसएस टोन, म्हणजे आवाजाखालून जाणारा, रिपीटर उघडणारा सूर. टोन चुकला तर तुम्हाला सगळे ऐकू येतात आणि तुम्हाला कोणीच ऐकत नाही. नव्या माणसाच्या दहा तक्रारींतल्या आठ इथे मिटतात. तुमच्या भागातले आकडे स्थानिक गटाकडून घ्या, इंटरनेटवरच्या याद्या शिळ्या असतात.

बटण दाबा, क्षणभर थांबा, मग बोला. रिपीटर जागा व्हायला तेवढा वेळ लागतो, नाहीतर तुमच्या कॉल साइनची पहिली अक्षरं कापली जातात. माइक तोंडापासून चार बोटं दूर, थोडा तिरका. समजा तुमचं कॉल साइन व्हीयू३ अमुक आणि पलीकडचं व्हीयू२ तमुक. बोलणं काहीसं असं होतं:

"व्हीयू३ अमुक, फ्रीक्वेन्सीवर ऐकतोय. कोणी आहे का?"

"व्हीयू३ अमुक, हे व्हीयू२ तमुक. नमस्कार ओएम, स्वागत आहे. तुमचा रिपोर्ट पाच-नऊ. हँडल आणि क्यूटीएच सांगा. ओव्हर."

"व्हीयू२ तमुक, नमस्कार सर. पहिलाच क्यूएसओ आहे माझा. हँडल सुहास, क्यूटीएच सातारा. तुमचाही सिग्नल पाच-नऊ. ओव्हर."

ओएम म्हणजे ओल्ड मॅन, वीस वर्षांच्या पोरालाही तेच म्हणतात, आणि बाई असेल तर वायएल, म्हणजे यंग लेडी. रिपोर्टमधला पहिला आकडा बोलणं किती समजतंय तो, १ ते ५. दुसरा सिग्नल किती जोरात आहे तो, १ ते ९. आवाज फाटत असेल तर फाटतोय म्हणा. सगळ्यांना पाच-नऊ देणारा माणूस कोणाच्या उपयोगाचा नाही. दोघांच्या बोलण्यात मध्ये एक-दोन सेकंदांची फट ठेवा, कोणाला तातडीचं सांगायचं असेल तर तिथे शिरता येतं. कॉल साइन सुरुवातीला, शेवटी आणि गप्पा लांबल्या तर मधून मधून सांगा. ते अक्षर-अक्षर फोडून सांगायची वेळ आली तर अल्फा, ब्राव्हो, चार्लीच वापरा. "अ अननसाचा" मराठी माणसाला कळतं, जपान्याला नाही.

प्रत्येक क्यूएसओ लॉगमध्ये लिहा: तारीख, वेळ, फ्रीक्वेन्सी, कॉल साइन, रिपोर्ट. परदेशी स्टेशनांसाठी वेळ यूटीसीत लिहायची, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा.

हे सगळं शिस्तीचं अवडंबर वाटेल. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद हॅम मोहिमेवर पोर्ट ब्लेअरला होत्या. त्यांच्या व्हीयू४आरबीआय या स्टेशननं अंदमानातले निरोप मुख्य भूमीकडे पोचवले. अशा वेळी कोण कधी बोलणार आणि निरोप कसा लिहून घ्यायचा हे विचारत बसायला वेळ नसतो. सवय आधीची लागते.

तारेवरून जग

रिपीटरवर महिना-दोन महिने गेले की एचएफची ओढ लागते. सेट महाग असतो, अँटेना मात्र नुसती तार. ७.१ मेगाहर्ट्झच्या डायपोलसाठी १४३ भागिले ७.१, म्हणजे साधारण २० मीटर तार घ्या, मधोमध कापून दोन्ही अर्धे केबलला जोडा, टोकांना इन्सुलेटर लावा. मध्यभाग पाण्याच्या टाकीच्या खांबावर, टोकं कठड्याकडे उतरती, म्हणजे उलटा व्ही झाला. सलग २० मीटर जागा सगळ्यांकडे नसते, टोकं थोडी वाकवली तरी चालतात. अँटेनाजवळ केबलचे आठ-दहा वेटोळे करून बांधा, त्यानं केबलच्या बाहेरून परतणारा प्रवाह बराचसा अडतो. दिवसा ४० मीटरवर कोल्हापूर, नागपूर, बंगळूर; रात्री पट्टा लांबतो. १४ मेगाहर्ट्झवर संध्याकाळी युरोप येतो. ७ वर एलएसबी आणि १४ वर यूएसबी हे विसरू नका. आवाज क्षीण येतोय आणि कायम घरघर आहे असं वाटलं, तर अँटेनाला दोष देण्याआधी घरातला मेन स्विच बंद करून सेट बॅटरीवर लावा. बहुतेक वेळा चोर एलईडी दिव्याच्या किंवा मोबाइल चार्जरच्या सर्किटात सापडतो.

एवढा खर्च नको असेल तर हातातल्या हँडीवर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक ऐका. त्याचं बोलणं १४५.८०० मेगाहर्ट्झवर उतरतं आणि रिपीटर चालू असेल तेव्हा ४३७.८०० वर. ४ जुलै २०२५ रोजी शुभांशू शुक्ला स्थानकावरून हॅम रेडिओवर बोलले ते याच व्यवस्थेतून. स्थानक क्षितिजावर येताना ४३७.८०० वरचा सिग्नल डॉप्लर परिणामानं सुमारे १० किलोहर्ट्झ वर सरकलेला असतो आणि जाताना तेवढाच खाली. म्हणून पाच-पाच किलोहर्ट्झच्या अंतरानं पाच मेमरी भरून ठेवा आणि स्थानक डोक्यावरून जाईल तसं वरून खाली उतरत या. हँडीबरोबर आलेली आखूड रबरी अँटेना उभी न धरता आडवी-तिरकी फिरवत राहा, एका कोनात आवाज उघडतो.

पावसाआधीची कामं

आपल्याकडे विजेचा खरा धोका जुलैत कमी आणि वळवाच्या पावसात जास्त असतो. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढग दाटले की केबल सेटपासून सोडवा आणि तिचं टोक घराबाहेर ठेवा. नुसता स्विच बंद करून उपयोग नाही. गडगडाट ऐकू येत असताना तिला हात लावायला जाऊ नका, काम आधीच व्हायला हवं. गच्चीवरच्या खांबाला अर्थिंग द्या.

मे संपायच्या आत प्रत्येक बाहेरचा जोड उघडून बघा. केबलीतली तांब्याची जाळी हिरवी-काळी पडली असेल तर आत पाणी शिरलंय. तेवढा तुकडा कापून टाका, वाळवून काही होत नाही. नवा कनेक्टर नीट डाग द्या, त्यावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप खालून वर गुंडाळा, म्हणजे प्रत्येक वेढा खालच्यावर चढतो आणि पाणी ओघळून जातं. वरून साधी काळी टेप लावा. केबल खिडकीतून आत घेताना बाहेर एक लोंबता वळसा सोडा. एसडब्ल्यूआर मोजून लॉगच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. ऑगस्टमध्ये तो आकडा वाढलेला दिसला, तर सेट उघडू नका, आधी गच्चीवर जा.